लोकापवाद आणि लोकनायक : जेम्स जॉइसच्या साहित्यातील पार्नेल-प्रकरण

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त दुर्मुख रामाला लोकापवादाची वार्ता देतो ती त्याच्या कानात. प्रेक्षकाला त्यातील एकही शब्द ऐकू येत नाही. दिसते ती केवळ त्या शब्दांनी झालेली राजाची अवस्था. या योजनेत औचित्यविचार आहे हे उघडच आहे. तथापि त्यात लोकापवादाच्या स्वरूपाविषयीची एक सूक्ष्म जाणीवही आहे. अपवाद पसरतो सर्वतोमुखी, परंतु सभ्य माणसाला तो उच्चारता येत नाही. सर्वांना ठाऊक असलेली आणि कोणीही बोलून न दाखविलेली गोष्ट एखाद्या न्यायालयात मोठ्याने वाचली गेली आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापून आली म्हणजे काय होते, हा प्रश्न भवभूतीपुढे नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आयर्लंडपुढे तो अत्यंत दारुण स्वरूपात उभा राहिला, आणि जेम्स जॉइसच्या साहित्याला तो अखेरपर्यंत पुरला.

जॉइस आणि पार्नेल यांच्या संबंधाची चर्चा आजवर बहुधा एकाच अंगाने झालेली आहे. विश्वासघाताने बळी गेलेला अनभिषिक्त राजा, धर्मगुरूंनी आणि अनुयायांनी मिळून केलेला त्याचा घात, आणि त्या घातात स्वतःच्या भवितव्याची प्रतिमा पाहणारा तरुण कलावंत, अशी ती मांडणी आहे. जॉइसच्या आरंभीच्या लेखनाविषयी ती यथार्थही आहे. परंतु 'युलिसिस'ला ती लावू लागल्यास त्या ग्रंथातील या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा भाग तिच्या कक्षेबाहेर राहतो. तेथे जॉइस राजाकडे पाहत नाही. तो ज्या घरात हे सर्व घडले त्या घराकडे पाहतो, आणि तेही अशा मनुष्याच्या डोळ्यांनी, की ज्याच्या स्वतःच्या घरात त्याच दिवशी तेच घडले आहे.

प्रथम इतिहास. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल (1846-1891) हा विक्लो परगण्यातील प्रॉटेस्टंट जमीनदार. कॅथलिक कुळांच्या देशाचे पुढारीपण अशा मनुष्याकडे यावे यात विस्मय वाटण्याजोगे बरेच आहे. 1875 मध्ये तो ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून आला, 1879 मध्ये लँड लीगचा अध्यक्ष झाला, आणि 1885 च्या निवडणुकीनंतर त्याच्या पक्षाचे 86 सभासद पार्लमेंटमध्ये बसू लागले. सरकार बनविणे वा मोडणे त्याच्या हाती आले. ग्लॅडस्टनने 1886 मध्ये होमरूलचे विधेयक मांडले ते याच बळामुळे. (मराठी वाचकाला 'होमरूल' हा शब्द 1916 मध्ये बेळगावी स्थापन झालेल्या लोकमान्य टिळकांच्या संघामुळे परिचित आहे, त्याचे माहेर आयर्लंडच.) विधेयक पडले, पण पार्नेलचे तेज कमी झाले नाही. 1887 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने, डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये 1882 साली झालेल्या राजकीय खुनांशी त्याचा संबंध जोडणारे एक पत्र छापले. ते रिचर्ड पिगट नावाच्या इसमाने केलेले बनावट पत्र होते. चौकशी आयोगापुढे उलटतपासणीत 'हेझिटन्सी' या शब्दाचे स्पेलिंग त्याने पत्रांतल्याप्रमाणेच चुकविले, तो माद्रिदला पळून गेला आणि 1889 च्या मार्चमध्ये तेथे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. खोट्या आरोपातून पार्नेल असा निष्कलंक बाहेर पडला. त्याच वर्षाच्या नाताळच्या आदल्या दिवशी कॅप्टन विल्यम ओ'शे याने घटस्फोटाचा दावा दाखल केला, आणि हा आरोप खरा होता.

कॅथरिन ओ'शे आणि पार्नेल यांचा संबंध 1880 पासूनचा. त्यांना मुले झाली होती. कॅप्टनला हे ठाऊक नव्हते असे मानणे अवघड आहे. 1886 मध्ये पक्षातील प्रमुख सहकाऱ्यांचा विरोध मोडून पार्नेलने गॉलवेची जागा याच कॅप्टनला मिळवून दिली होती. शिवाय कॅथरिनच्या धनाढ्य वृद्ध मावशीच्या वारशावर दोघा पतिपत्नींचे डोळे होते आणि मावशी 1889 मध्ये वारली. दाव्याची सुनावणी 1890 च्या नोव्हेंबरात झाली. पार्नेलने बचाव केला नाही. परिणामी एका मोलकरणीची साक्ष विनाप्रतिवाद नोंदली गेली : पती अवचित घरी आला असता आयर्लंडचा हा नेता आगीच्या वेळी वापरावयाच्या शिडीवरून उतरून निसटला आणि मग पुढच्या दाराने सभ्यपणे भेटीस आला. ही साक्ष खरी होती की नव्हती याला फारसे महत्त्व राहिले नाही. खुनाच्या आरोपाने जे झाले नव्हते ते या शिडीने झाले; राजा हास्यास्पद झाला.

पुढील घटनांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आयरिश स्मृतीने तो पुष्कळसा उलटा करून ठेवला. पहिला गदारोळ इंग्लंडमधील नॉनकन्फॉर्मिस्ट प्रॉटेस्टंटांनी केला. त्यांच्या मतांवर अवलंबून असलेल्या ग्लॅडस्टनने पत्राने आपली अडचण कळविली. आयरिश पक्षाने 25 नोव्हेंबरला पार्नेलची अध्यक्षपदी फेरनिवड केली होती. ते पत्र प्रसिद्ध झाल्यावर तोच पक्ष डळमळला. आयरिश बिशपांचे जाहीर पत्रक आले ते 3 डिसेंबरला, म्हणजे सर्वांच्या मागून. पार्लमेंटच्या 15 क्रमांकाच्या समितिकक्षात सहा दिवस वादंग चालले. ग्लॅडस्टन हा पक्षाचा धनी होऊ पाहतो आहे असे रेडमंड म्हणताच, मग पक्षाची धनीण कोण, असा टोमणा टिम हीलीने मारला. 6 डिसेंबरला बहुसंख्य सभासद उठून गेले. रामाने लोकापवादापुढे पत्नीचा त्याग केला. पार्नेलने स्त्रीचाही केला नाही आणि पदाचाही नाही. किलकेनी, स्लायगो, कार्लो अशा तीन पोटनिवडणुका त्याने लढविल्या आणि तिन्हींत त्याचे उमेदवार पडले. 1891 च्या जूनमध्ये त्याने कॅथरिनशी विवाह केला. 6 ऑक्टोबरला तो मरण पावला. वय अवघे 45.

त्या वेळी जॉइस नऊ वर्षांचा होता. हीलीला उद्देशून त्याने एक कविता लिहिली आणि वडिलांनी कौतुकाने ती छापून घेतली. तिची एकही प्रत उपलब्ध नाही. जॉन जॉइस हा कट्टर पार्नेलवादी, आणि कुटुंबाची घसरगुंडी त्याच सुमारास सुरू झाली. घराचा अधःपात आणि राष्ट्राचा अधःपात बालमनात एकरूप झाले असल्यास नवल नाही. 1912 मध्ये ट्रिएस्टच्या एका वृत्तपत्रात इटालियनमध्ये लिहिलेल्या पार्नेलविषयक लेखाचा शेवटही त्याच कडवटपणाने होतो : आयरिशांनी त्याला इंग्रज लांडग्यांपुढे टाकले नाही, ते काम त्यांनी स्वतःच केले, असा त्याचा आशय आहे. मात्र या लेखावरून जॉइसच्या कलाकृतींचा अर्थ लावण्याची जी प्रथा पडली आहे ती सदोष आहे. लेखातील जॉइस वकील आहे. कथेतील जॉइस साक्षीदारांना बोलावतो, आणि त्यांतील बहुतेक साक्षीदार विश्वासार्ह नसतात.

'डब्लिनर्स' (1914) मधील 'आयव्ही डे इन द कमिटी रूम' ही कथा 1905 मध्ये लिहिलेली. शीर्षकातील 'कमिटी रूम' वाचताच त्या 15 क्रमांकाच्या कक्षाचे स्मरण व्हावे अशी योजना आहे. प्रत्यक्षात ती डब्लिनमधील नगरपालिकेच्या निवडणुकीची एक कळकट खोली आहे. दिवस पार्नेलच्या पुण्यतिथीचा, बाहेर पाऊस. टीअर्नी नावाच्या उमेदवाराचे भाडोत्री प्रचारक शेकोटीभोवती बसून मजुरीची आणि बीअरच्या बाटल्यांची वाट पाहत आहेत. एक जण उमेदवाराचे प्रचारपत्रक फाडून त्यावर सिगारेट पेटवितो. बाटल्या येतात, बूच उघडण्याचे साधन नसल्याने त्या शेकोटीशेजारी ठेवल्या जातात आणि एकेका बुचाचा 'पॉक' असा आवाज होतो. वीरपुरुषाच्या स्मृतीला मिळालेली ही तोफांची सलामी.

या कथेत अपवादाचा उल्लेख किती आहे? एका वाक्यापुरता. सातव्या एडवर्डच्या स्वागताचा प्रश्न निघतो. राजाच्या खाजगी वर्तनाकडे काणाडोळा करावा असे हेंची म्हणतो. तेव्हा लायन्स विचारतो, की पार्नेलने जे केले त्यानंतर तो पुढारीपणाला योग्य होता काय, आणि तो नव्हता तर मग एडवर्डचेच स्वागत का करावे. वास्तविक संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत तर्कशुद्ध प्रश्न आहे. इंग्लंडच्या राजाला जे माफ, ते आयर्लंडच्या नेत्याला का माफ नसावे? परंतु या प्रश्नाला खोलीत कोणी उत्तर देत नाही. पुण्यतिथीच्या दिवशी कटुता नको, एवढे म्हणून विषय मिटविला जातो. 'जे केले' म्हणजे काय केले हे शब्दांत येत नाही. दुर्मुखाचा शब्द अद्याप कानातच आहे. मग हाइन्स पार्नेलच्या मृत्यूवरील आपली कविता म्हणतो. कविता साधारण आहे, भावना खरी आहे, आणि या दोहोंच्या मिश्रणाने ऐकणारे क्षणभर खरोखर स्तब्ध होतात. शेवटी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा क्रॉफ्टन रचना उत्तम असल्याचा अभिप्राय देतो. प्रतिपक्षीयालाही निर्धास्तपणे स्तुती करता यावी इतका पार्नेल आता निरुपद्रवी झाला आहे, हे त्या अभिप्रायाने कळते.

'ए पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अॅज अ यंग मॅन' (1916) मधील नाताळच्या जेवणाचा प्रसंग इतका प्रसिद्ध आहे की त्याच्या तपशिलात जाण्याचे कारण नाही. धर्मनिष्ठ डँटी एका बाजूला. केसी आणि स्टीफनचा बाप सायमन दुसऱ्या. मध्ये प्रथमच मोठ्यांच्या पंक्तीला बसलेला लहान मुलगा. डँटीजवळ दोन ब्रश होते, तांबूस मखमलीचा डेव्हिटच्या नावाचा आणि हिरव्या मखमलीचा पार्नेलच्या नावाचा. त्यांतील हिरवी मखमल तिने कात्रीने काढून टाकलेली आहे. बालकाच्या लेखी राष्ट्रीय फूट ती एवढीच. परंतु प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने या प्रसंगातील कळीची जागा निराळी आहे. एका म्हातारीने आपल्यामागे लागून कॅथरिन ओ'शेला एक शब्द वापरला आणि आपण तंबाखूची पिंक थेट तिच्या डोळ्यात टाकली, अशी हकिकत केसी सांगतो. तो शब्द मात्र सांगत नाही. सणाचे ताट, यजमानीणबाईंचे कान आणि आपले ओठ त्याने विटाळू नयेत असे तो म्हणतो. स्त्रीची अब्रू राखण्यासाठी शब्द गिळला जातो आणि त्याच स्त्रीच्या नावाने एका म्हातारीच्या डोळ्यात थुंकल्याबद्दल पंक्तीत हशा पिकतो. जॉइस येथे भाष्य करीत नाही. तथापि पार्नेलच्या बाजूचे लोक निर्मळ आणि विरुद्ध बाजूचे तेवढे क्रूर, असा निवाडा या प्रसंगातून काढणाऱ्यांनी ही पिंक विसरू नये. शेवटी केसी आपल्या मृत राजासाठी हुंदके देतो, आणि मुलाला बापाच्या डोळ्यांत पाणी दिसते. या अश्रूंत कॅथरिनचा वाटा किती? काहीच नाही. राजा मेला, राणी ही केवळ एक न उच्चारलेली शिवी.

'युलिसिस' (1922) मध्ये प्रथम राजाची दंतकथा निकालात निघते, आणि तीही मोठा गाजावाजा न करता. ग्लासनेव्हिनच्या स्मशानभूमीत, अंत्ययात्रेनंतर, दोन मंडळी नेत्याच्या थडग्याकडे वळतात. पेटीत दगड भरले होते, तो पुन्हा येणार आहे, असे लोक म्हणतात, हे पॉवर सांगतो. मान हलवून नकार देणारा हाइन्स असतो, म्हणजे 'आयव्ही डे'मध्ये कविता म्हणणारा तोच हाइन्स. पार्नेल कधीही परत येणार नाही, जे मर्त्य होते ते येथेच आहे, असे तो म्हणतो. एका पुस्तकातील भक्ताकडून दुसऱ्या पुस्तकात हे वदवून घेण्यात जॉइसचा हिशेब दिसतो. नेत्याचा थोरला भाऊ जॉन हॉवर्ड पार्नेल हाही या ग्रंथात आहे, एका उपाहारगृहात बुद्धिबळाच्या पटावर नजर खिळवून बसलेला.

खरा विचार येतो तो 'युमीअस' या प्रकरणात. मध्यरात्र उलटून गेलेली. गाडीवानांच्या निवाऱ्यात लिओपोल्ड ब्लूम आणि स्टीफन बसलेले. एके दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडाल आणि पार्नेल परतल्याची बातमी वाचाल, असे एक गाडीवान म्हणतो. निवाऱ्याचा मालक कॅथरिनला इंग्रज रांड म्हणून मोकळा होतो. तिनेच पार्नेलच्या पेटीला पहिला खिळा ठोकला असे त्याचे मत. केसीने जो शब्द गिळला होता त्याच जातीचा शब्द येथे चहाच्या पेल्यांवरून सहज फेकला जातो, आणि कोणी दचकत नाही. दुसरा एक जण तिच्या अंगलटीची वाखाणणी करतो. न्हाव्याच्या दुकानात तिचे चित्र पाहिल्याचे त्याला आठवते. अपवादाची अखेरची अवस्था ही : त्यातील संताप आटतो आणि चवीने चघळण्याचा विषय तेवढा शिल्लक राहतो.

ब्लूम या गप्पांत भाग घेत नाही. मनाशी विचार करतो. 16 जून 1904 च्या त्याच दुपारी त्याची पत्नी मॉली हिच्याकडे बॉयलन येऊन गेला आहे, आणि ब्लूमने ते जाणून दिवसभर घराबाहेर काढला आहे. म्हणजे या प्रकरणात त्याची जागा पार्नेलची नव्हे, कॅप्टन ओ'शेची आहे. आणि तोच मनाशी निर्णय देतो, की पती कमी पडला, नावापलीकडे दोघांत समान असे काही उरले नव्हते, आणि अशा वेळी एक खरा पुरुष समोर आला. शिडीची साक्ष आणि त्यावर साप्ताहिकांनी मिळविलेला पैसाही त्याला आठवतो. अपवादाने ज्याचे सर्वाधिक नुकसान व्हावे असा मनुष्य त्याच अपवादातील अपराध्यांना समजून घेतो, हा प्रसंग आधुनिक कादंबरीत विरळा म्हणावा लागेल. अर्थात येथे सावध राहणे अवश्य आहे. ब्लूमच्या या औदार्यात आत्मवंचना नाही असे नाही. स्वतःवर खटला चालविण्याऐवजी तो दुसऱ्याच्या खटल्याचा निकाल लिहितो आहे, आणि पतीवर ठपका ठेवताना कोणाचे नाव घ्यावयाचे टाळतो हे वाचकाला कळते.

'युमीअस'ची शैली हा येथे अडचणीचा मुद्दा होतो. हे प्रकरण झिजलेल्या वाक्प्रचारांनी आणि वृत्तपत्री अलंकारांनी भरलेले आहे. पार्नेल-कॅथरिन यांच्या प्रेमाविषयीची ब्लूमची सहानुभूती ज्या भाषेत व्यक्त होते ती, साप्ताहिकांनी ज्या भाषेत त्यांची बेअब्रू केली, तीच आहे. यावरून काही टीकाकार ही सहानुभूतीच उपहासाचा विषय ठरवितात. हा निष्कर्ष घाईचा आहे. हाइन्सची कविताही उसन्या भाषेतली होती, तरी तिच्यातील शोक खोटा नव्हता. दयेसाठी वेगळी, निर्लेप भाषा डब्लिनमध्ये उपलब्ध नाही. जी आहे तिच्यातच मनुष्याला दयाळू व्हावे लागते. भाषेचा गबाळेपणा ब्लूमच्या बुद्धीच्या मर्यादा दाखवितो, त्याच्या हृदयाच्या नव्हे.

ब्लूमच्या आठवणीतला पार्नेल तर अगदीच साधा आहे. फुटीच्या काळात एका वृत्तपत्राच्या कचेरीत मोडतोड झाली त्या गर्दीत नेत्याची टोपी खाली पडली; ब्लूमने ती उचलून दिली; नेत्याने आभार मानले. एवढेच. त्याच दिवशी सकाळी स्मशानात ब्लूमने मेंटन या वकिलाला त्याच्या टोपीचा पोचा दाखविला होता आणि त्याने तुटकपणे आभार मानून तोंड फिरविले होते; त्या दोन आभारांतील अंतर ब्लूमला जाणवते. केसीला राजा आठवतो, हाइन्सला हुतात्मा. ब्लूमला एक मनुष्य आठवतो, ज्याने सर्व बाजूंनी घेरलेला असतानाही सौजन्य सोडले नाही. पार्नेलविषयी जॉइसने लिहिलेल्या सर्व मजकुरात हे चित्र सर्वांत लहान आहे आणि सर्वांत टिकाऊही. याच्या तुलनेत 'फिनेगन्स वेक' (1939) मधील पिगटच्या चुकलेल्या स्पेलिंगावरील कोट्या चातुर्याच्या असल्या तरी कोट्याच राहतात; तेथे पार्नेल पुन्हा दंतकथेच्या धुक्यात जातो.

कॅथरिनचे काय? ती स्पॅनिश किंवा अर्धी स्पॅनिश असावी, असे ब्लूम स्टीफनला सांगतो. हे चूक आहे. ती इंग्रज होती, आणि मालकाने शिवी देताना ते नुकतेच सांगितलेही होते. स्पॅनिश रक्त आहे ते जिब्राल्टरला जन्मलेल्या मॉलीचे. कानावर पडलेले विसरून ब्लूमने एका स्त्रीच्या जागी दुसरी बसविली, आणि लगोलग खिशातून मॉलीचे छायाचित्र काढून स्टीफनपुढे ठेवले. न्हाव्याच्या दुकानातील चित्र आणि पतीच्या खिशातील, कडा मळलेले हे छायाचित्र यांत दोनतीन पानांचेच अंतर आहे. यातील दुसरे प्रेमाने दाखविले जात आहे यात संशय नाही. पण तेही एका परपुरुषालाच दाखविले जात आहे, हेही तितकेच खरे. गावगप्पा आणि माया यांच्यामध्ये स्वच्छ रेषा ओढून देण्याचे जॉइसने नाकारले आहे.

ग्रंथाच्या शेवटी मॉली बोलते आणि प्रदीर्घ बोलते. ते स्वगत म्हणजे कॅथरिनला मिळालेली वाणी होय, असे म्हणण्याचा मोह अनावर होईल. तो आवरला पाहिजे. मॉली ही मॉली आहे. कॅथरिनने स्वतःची हकिकत स्वतःच्या नावाने दोन खंडांत लिहून प्रसिद्ध केली होती, आणि तीही 1914 मध्येच, म्हणजे ज्या वर्षी 'डब्लिनर्स' निघाले त्याच वर्षी. 'युलिसिस'मधील त्या निवाऱ्यात, 1904 च्या त्या रात्री, ते पुस्तक अद्याप लिहिलेले नाही. तेथे तिच्याविषयी मालक बोलतो, गाडीवान बोलतात, आणि ब्लूम चुकीचे काही सांगून छायाचित्रावरून नजर दुसरीकडे वळवितो, स्टीफनला संकोच वाटू नये म्हणून.